ठमाच्या रक्तातली साय

डबलमामांना काही सांगायचं म्हणजे सांगणाऱ्यानेच आधी नीट विचार करायचा. माणूस ऐकत नाही म्हणून नव्हे, फार ऐकतो म्हणून. तुम्ही सांगाल त्याच्या दुप्पट करायचं, हा त्यांचा स्वभाव. एकदा मामी सहज बोलून गेल्या की दाराला रंगाचा एक हात द्यायला हवा. मामांनी दाराला रंग दिला, चौकटीला दिला, बिजागऱ्यांना दिला, कडीला दिला, आणि वर दुसरा हातही दिला. दार असं घट्ट बसलं की नवराबायको दोन दिवस खिडकीतून ये-जा करत होते. तेव्हापासून अख्खी गल्ली त्यांना डबलमामा म्हणते, आणि ते ओही देतात.

ही गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या. चढावरची वस्ती, घरं एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखी, आणि गाडी काय ती खाली सिमेंटच्या दुकानापाशीच थांबणार. तिथून वर जे जाईल ते मामांच्या गाढविणींच्या पाठीवरून. गॅसचे सिलिंडर, वाळू, विटा, कपाटं, एकदा तर शिंपिणीचं शिलाई मशीन. मामांचे वडीलही हेच करायचे. मध्ये तरुणपणी मामा एका बाटल्यांच्या कारखान्यात लागले होते, पण तिथे दिवसभर कुणाशी बोलायला मिळत नव्हतं, म्हणून सोडून आले. गाढविणी ऐकून तरी घेतात, असं त्यांचं म्हणणं.

कामाला मात्र माणूस चोख. दोन्ही बाजूंचं ओझं आधी स्वतःच्या हाताने उचलून बघणार, भार सारखा झाला की मगच दोर आवळणार. संध्याकाळी खोगीर उतरवलं की पाठीवरून तळहात फिरवणार, कुठे ओलं लागतंय का, कुठे केस घासलेत का. तेवढं झाल्याशिवाय स्वतः पाणीही प्यायचे नाहीत.

गाढविणी दोन. एक ठमा, दुसरी सुतळी. ठमा अंगाने भरलेली, खादाड, मानेवर चरबीची अशी वळकटी की ती एका बाजूला कलंडलेली. सुतळी उंच, काटकुळी, पिशवी फडफडली तरी दचकणारी. दोघी कामाला एकत्र, पाण्याला एकत्र, आणि रिकामा वेळ मिळाला की एकीची मान दुसरीच्या मानेवर. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघं कधी बोलत नसत, पण ठमा आणि सुतळीबद्दल दिवसभर बोलत, आणि ऐकणाऱ्याला काय ते कळायचं.

तर झालं असं, की जनावरांची डॉक्टरीणबाई नेहमीप्रमाणे खूर आणि दात बघायला आली. ही बाई म्हणजे बोलायला लागली की थांबायची नाही, चष्मा सारखा नाकावर घसरणार, कोटाच्या खिशांत काय काय कोंबलेलं. तिने ठमाची वळकटी दाबून बघितली आणि म्हणाली की हिचं वजन कमी करा, पण हळूहळू. जाता जाता विचारलं, गाभण नाही ना? मामा म्हणाले, नाही. का म्हणाले? तर समोरच्या बाईने ‘नाही ना’ असं विचारलं, म्हणजे तिला नाहीच हवं असणार, असं त्यांना वाटलं. शिकल्यासवरल्या बाईचं मन कशाला मोडायचं?

बाईंची पाठ वळली आणि मामा कामाला लागले. ‘वजन कमी करा’ एवढं डोक्यात शिरलं होतं, ‘हळूहळू’ वाटेतच सांडलं. त्यांनी गव्हाण रिकामी केली आणि रोज ओंजळभर गवत ठेवायला सुरुवात केली. पण ठमा सुतळीच्या गवतात तोंड घालणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सुतळीला नेऊन खाली सिमेंटवाल्याच्या शेडमध्ये बांधलं. कामही तिथूनच, मुक्कामही तिथेच. झाला बंदोबस्त.

मग वरून ठमा हाका मारायची आणि खालून सुतळी उत्तर द्यायची. गल्लीचे कान किटले. पण मामांनी मन घट्ट केलं. बाईंनी सांगितलंय, तिच्या भल्याचं आहे. फक्त एक गोष्ट त्यांना जमेना. ठमाला उपाशी ठेवून स्वतः पोटभर जेवणं. त्यांनी स्वतःचंही जेवण कमी केलं, आणि आता सवयीप्रमाणे ठमापेक्षा जास्तच कमी केलं. मामींना कळू नये म्हणून ताटावर बसायचे, घास फिरवायचे, तोंड हलवायचे, मामी पाणी आणायला वळल्या की बटाट्याची फोड दाराबाहेरच्या कुत्र्याला. कुत्रं भलतंच खूश होतं.

काही दिवसांनी ठमाने हाका मारणं थांबवलं. मामा म्हणाले, चला, अंगवळणी पडलं. पण दुसऱ्या सकाळी बघतात तर तिचे कान दोन्ही बाजूंना पडलेले, डोळ्यांत चमक नाही, आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी.  बाईंचं सांगणं गेलं चुलीत, असं म्हणून मामांनी गवताचा मोठा भारा आणून तिच्यापुढे टाकला. ठमाने त्यात तोंड घातलं, जबडा हलायला लागला. मामांचा जीव भांड्यात पडला. जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून दाखवायला लागले की बघा, खातेय. मामींनी मात्र त्या भाऱ्याकडे संध्याकाळी बघितलं, सकाळी पुन्हा बघितलं. तो होता तेवढाच होता.  त्यांनी पदराला हात पुसले आणि सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

बाई धापा टाकत पायऱ्या चढून आल्या. थंडी मरणाची होती, तोंडातून वाफ निघत होती. आल्या आल्या त्यांनी ठमाला हात लावला नाही. नुसत्या बाजूला उभ्या राहून बघत राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी ठमाच्या ओठाच्या कोपऱ्यातून बोट आत घातलं. आत काडीसुद्धा नव्हती.

“मामा, ही खात नाहीये,” बाई म्हणाल्या. “खाण्याचं सोंग करतेय.”

गाढवं दुखणं लपवतात, असं त्यांनी समजावलं. घोडा लोळेल, पाय आपटेल, जगाला सांगेल की मला दुखतंय. गाढव चारचौघांसारखं उभं राहतं, गवतात तोंड घालून नुसतं चघळत राहतं आणि आतल्या आत संपत जातं. हे ऐकताना मामींनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या ढगळ झालेल्या शर्टाकडे बघितलं, आणि ओठ आवळून घेतले. ह्यांचं नंतर बघते.

बाईंनी ठमाच्या मानेच्या शिरेतून रक्त काढलं, थोडं काचेच्या नळीत ठेवलं आणि कोटाच्या आतून तळहाताएवढं एक यंत्र काढलं. माणसांची साखर बघायला असतं ना घरोघरी, तसंच दिसायला. पण हे रक्तातली चरबी मोजायचं. पट्टी बसवायची, तिच्यावर रक्ताचा एक थेंब, आणि थोड्या वेळात आकडा. बाईंनी पट्टी बसवली. यंत्राने थेंब घ्यायलाच नकार दिला. गारठलं होतं बिचारं. फार थंडीत ते काम करत नाही.

बाई दुसऱ्या नळीत गुंतल्या होत्या, त्यांनी ते मामांच्या हातात देऊन सांगितलं, जरा ऊब द्या ह्याला.

झालं. मामांनी यंत्र बनियनच्या आत पोटाशी धरलं, वरून शर्ट, वरून स्वेटर, वरून घोंगडी, आणि एवढं करून जाऊन बसले चुलीसमोर. अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखे. घामाघूम होऊन परत आले. बाईंनी बटण दाबलं, तर आता यंत्र म्हणे फार गरम झालंय. बाईंनी कपाळाला हात लावला. मामींनी ते नवऱ्याच्या हातून काढून घेतलं, ताटलीने वारा घातला, गालाला लावून बघितलं आणि म्हणाल्या की आता घ्या, बाळाच्या दुधाइतकं कोमट आहे. आणि तेव्हा कुठे ते चाललं.

ते मोजत होतं तोवर बाईंनी काचेची नळी उजेडात धरली. लाल रक्त खाली बसलं होतं आणि वर जे पिवळसर पाणी स्वच्छ दिसायला हवं, ते पांढरं दिसत होतं. दुधावर साय धरावी तसं. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. माझ्या मापाच्या पलीकडे आहे, एवढीच खूण दाखवली.

“म्हणजे?” मामांनी विचारलं.

म्हणजे असं, की अंगावर चरबी असलेल्या गाढवाचं खाणं एकदम तुटलं, की शरीर घाबरतं आणि साठवलेली सगळी चरबी रक्तात ओतायला लागतं. नळ उघडतो आणि बंदच होत नाही. यकृत त्यात बुडतं, मग भूकच मरते, आणि भूक मेली की आणखी चरबी. जाड्यांना धोका सगळ्यांत जास्त. मामा बघतच राहिले. उपाशी ठेवल्याने चरबी वाढते, हे त्यांच्या गणितात कुठेच बसत नव्हतं. बाई म्हणाल्या की पूर्वी हे रक्त शहरातल्या लॅबला जायचं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा, आणि कितीदा तरी रिपोर्ट हातात यायच्या आधी गाढव गेलेलं असायचं. म्हणून त्या हे माणसांचं यंत्र घेऊन फिरतात. घोड्यागाढवांचे कितीतरी नमुने आधी लॅबशी ताडून बघितले, मगच त्याच्यावर भरवसा ठेवला. आज निदान आजच कळलं.

बोलता बोलता त्यांचा हात ठमाच्या पोटावर होता, आणि बोलता बोलता त्या थांबल्या. आतून काहीतरी ढुशी मारत होतं. त्यांनी मामांचा हात ओढून तिथे ठेवला. मामांच्या तळहातावर आतून एक लाथ बसली.

मागच्या वर्षी वरच्या बांधकामावर वाळूवाल्याचा गाढव शेजारीच बांधलेला असायचा, हे मामांना आत्ता आठवलं. म्हणजे ठमाचं निम्मं जाडेपण हे जाडेपण नव्हतंच. बाईंनी विचारलं, मी तुम्हाला विचारलं होतं ना? तर मामा अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “तुम्ही ‘नाही ना’ म्हणालात, म्हणून मी नाही म्हटलं.”

बाई उलट्या बादलीवर मटकन बसल्या. पोटाला नीट हात लावून बघायला हवं होतं, माझंही चुकलंच, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. मग चष्मा वर ढकलून मामांकडे बघितलं.

“दोन जीव आहेत, मामा. दोन्ही वाचतील असं मी आज सांगू शकत नाही.”

मामा खाली बसले. आपल्या हाताने मारलं मी तिला, एवढंच पुटपुटत राहिले. बाईंना ते ऐकवेना. त्यांनी खडसावलं की अजून कुणी मेलेलं नाही, रडायचं असेल तर नंतर रडा, आणि आधी सांगा सुतळी कुठे आहे. कुठे आहे हे ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले. जिवाभावाची सोबतीण तोडली की गाढव अर्धं तिथेच खचतं, हे त्यांनी सांगायच्या आधीच मामा पायऱ्या उतरत होते. त्या वयात, रिकाम्या पोटी, दोनदोन पायऱ्या एकदम. येताना मात्र त्यांनी सुतळीला आणलं असं म्हणता येणार नाही. सुतळीनेच त्यांना ओढत वर आणलं. मामांच्या शेडच्या दारातून ती आत घुसली, ठमाला नखशिखांत हुंगलं आणि आपली मान तिच्या मानेवर टाकली. ठमाचा एक कान वर झाला. फक्त एकच, पण झाला. मामींनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मग सुरू झाली धावपळ. कपडे वाळत घालायच्या खिळ्याला सलाईनची बाटली टांगली. नाकातून नळी घालून पातळ पेज पोटात सोडायची, दिवसातून अनेकदा, मोजून मापून. भांडं मामींच्या हातात देताना बाईंनी बजावलं की काही झालं तरी हे ह्यांच्या हातात द्यायचं नाही. मामांनी विचारलं, मग मी काय करू? बाई म्हणाल्या, तुम्ही काहीच करू नका. आणि खोटं कशाला सांगू, हा सल्ला एकदम नामी ठरला, कारण काहीच नाहीची दुप्पट केली तरी काहीच होत नाही. मामा नुसते ठमाजवळ उभे राहायचे आणि तिच्याशी बोलायचे. तू बरी हो ठमे, मी जन्मात तुझ्या खाण्याचं नाव काढणार नाही, असं काहीबाही.

बाई रोज यायच्या. यंत्र मामींच्या गालाला लावून कोमट व्हायचं, थेंब पट्टीवर पडायचा, आणि रोज तीच खूण, मापाच्या पलीकडे. गल्लीतले लोक आता त्या वेळेला शेडबाहेर जमायला लागले. शिंपीण हातातलं काम घेऊनच यायची. एकदा तर सिमेंटवाला दुकान सोडून वर आला होता, सुतळी गेल्यामुळे त्याला करमत नव्हतं म्हणे. बाई बाहेर येऊन मान हलवायच्या आणि लोक पांगायचे.

आणि मग एका सकाळी यंत्राने आकडा दाखवला.

केवढा मोठा होता तो. कुठल्याही तंदुरुस्त गाढवाला दिसू नये असा. पण आकडा होता. बाईंनी यंत्र मामांच्या डोळ्यांसमोर धरलं. मामांना त्यातलं काही कळत नव्हतं.

“मापात आली ती,” बाई म्हणाल्या. “नळ बंद व्हायला लागलाय.”

शिंपिणीने बाहेर जाऊन आकडा जाहीर केला आणि गल्लीने असा गलका केला की सुतळी दचकून बादलीत पाय घालून बसली. दुसऱ्या दिवशी आकडा उतरला, त्याच्या पुढच्या दिवशी आणखी. मग एका दुपारी ठमाने गवतात तोंड घातलं, जबडा हलायला लागला, आणि मामा उठून तिच्याकडे गेले. आता ते फसणार नव्हते. त्यांनी बाईंसारखं तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून बोट आत घातलं आणि बाहेर काढलं. बोट हिरवं झालं होतं. ते बोट वर धरून मामा कितीतरी वेळ तसेच उभे होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मामींनी भांडं खाली ठेवलं.

“बाई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही आलाच आहात तर दुसऱ्यालाही बघून घ्या. ठमासारखं सोंग करणारं आमच्या घरात आणखी एक आहे.”

 मामी आता थांबायच्या नव्हत्या. कुत्र्याच्या अंगावर मांस चढलंय ते मला दिसत नाही का, ताटावर बसून नुसता जबडा हलवायचा हे कुठून शिकलात, रोज तुमचं ताट बघत होते आणि रोज म्हणत होते की आधी ती वाचू दे. आणि शेवटी म्हणाल्या,

“मी तिला पेज घालत होते ती तुमच्यासाठी. ती गेली असती तर तुम्हीही गेला असता. मग मी कुणाच्या मानेवर मान टाकायची होती?”

डॉक्टरीणबाईंनी उगाच आपल्या पेटीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. मामा तिथेच गवताच्या भाऱ्यावर बसले.  मग खाली मान घालून हळूच विचारलं, “अगं, काही उरलंय का खायला?”

मामींनी ताट आणलं आणि समोर ठाण मांडून बसल्या. मामा जेवले. दोनदा वाढून घेतलं, आणि त्या दिवशी त्यांच्या दुप्पट करण्याला कुणी हसलं नाही.

शिंगरू झालं ते थंडी सरल्यावर, एका स्वच्छ सकाळी. अंगापेक्षा कान मोठे, पाय चार दिशांना चार. ठमाने त्याला चाटून उभं केलं आणि सुतळी पहारा देत दारात आडवी उभी राहिली, डॉक्टरीणबाईंनाही आत सोडेना. गल्लीने त्याचं नाव थेंबू ठेवलं. बाईंनी ठमाचा शेवटचा थेंब पट्टीवर घेतला. नळीत वरचं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, सायीचा मागमूस नव्हता. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी बाही सरसावून स्वतःचं बोट पुढे केलं. यंत्र माणसांचंच आहे ना, मग माझाही आकडा बघा. बाईंनी घाईघाईने ते कोटाच्या आत लपवलं. म्हणाल्या, नको, आकडा बघितला की सल्ला द्यावा लागतो. मामी म्हणाल्या, देव तुमचं भलं करो.

तेवढ्यात सिमेंटवाला आला. त्याने थेंबूचं कौतुक केलं, मग मुद्द्यावर आला. खाली माल फार पडलाय, ठमा तर आता बाळंतीण, तेव्हा सुतळीला थोडे दिवस पुन्हा त्याच्या शेडमध्ये बांधू या, पूर्वीसारखं. तिला बरं ठेवेन, पोटभर घालेन. तो चांगलाच माणूस होता आणि मनापासून बोलत होता. शिंपिणीची सुई थांबली. कारण समोरच्याला जे हवं ते मामांच्या तोंडून निघतं, हे गल्ली इतकी वर्षं बघत आली होती.

मामांनी शेडमध्ये नजर टाकली. ठमाची मान सुतळीच्या मानेवर होती, आणि दोघींच्या मध्ये ते शिंगरू लुचत होतं.

“नाही,” मामा म्हणाले.

 मामांना स्वतःलाच त्या शब्दाचं नवल वाटलं असावं, कारण त्यांनी एकदा मामींकडे बघितलं. मामी हसत होत्या. मग ते पुन्हा सिमेंटवाल्याकडे वळले आणि म्हणाले, “नाही.”